डॉ. विष्णू माधव घाटगे: वैमानिकांना सुखरूप जमिनीवर आणणाऱ्या विमानांचे शिल्पकार

बंगळुरू: भारतात आराखडा तयार होऊन भारतातच उत्पादनात आलेले पहिले विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी बंगळुरूच्या आकाशात झेपावले. कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी उडवलेल्या या विमानाचे नाव होते एचटी-२. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज परिसरात जन्मलेले आणि जर्मनीत वायुगतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेले डॉ. विष्णू माधव घाटगे हे या विमानाचे मुख्य रचनाकार होते.

एचटी-२ हे लढाऊ विमान नव्हते, तसेच प्रवासी विमानही नव्हते. नवशिक्या तरुणाला उड्डाणाची बाराखडी शिकवणारे ते दोन आसनी प्रशिक्षण विमान होते. भारतीय विमाननिर्मितीच्या इतिहासात लढाऊ विमानांची नावे ठळकपणे घेतली जातात. त्यांच्या तुलनेत प्रशिक्षण विमाने आणि त्यांचे रचनाकार काहीसे मागे पडतात. मात्र लढाऊ विमान उडवणारा वैमानिक घडतो तो प्रशिक्षण विमानातच. तेथे तो सर्वप्रथम जी अवघड गोष्ट शिकतो, ती म्हणजे वेग आवरून विमान सुखरूप उतरवणे. डॉ. घाटगे यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग याच प्रश्नाभोवती फिरला.

वेग कमी करणे अवघड का?

विमान हवेत तरंगते ते पंखांना मिळणाऱ्या उचलीमुळे. ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्म्यावर आला, की त्याच स्थितीतील पंखाची उचल एक चतुर्थांश उरते. विमानाचे वजन मात्र तेवढेच राहते. ही तूट भरून काढण्यासाठी वैमानिकाला विमानाचे नाक वर करावे लागते, म्हणजेच समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन वाढवावा लागतो.

या कोनालाही मर्यादा असते. साधारणपणे पंधरा अंशांच्या आसपास पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा सुटू लागते, उचल एकाएकी घटते आणि विमान खाली कोसळू लागते. वैमानिकांच्या भाषेत याला 'स्टॉल' म्हणतात. एक पंख दुसऱ्याच्या आधी स्टॉल झाला तर विमान भोवऱ्यासारखी गिरकी घेत खाली येते. पुरेशी उंची असेल तर त्यातून सावरता येते. धावपट्टीजवळ ती उंची नसते.

उतरण्यापूर्वीचे वळण म्हणूनच सर्वाधिक धोक्याचे मानले जाते. विमान साठ अंश कलवून उंची न गमावता वळवले, तर पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार पेलावा लागतो आणि स्टॉलचा वेग सुमारे एक्केचाळीस टक्क्यांनी वाढतो. सरळ उड्डाणात सुरक्षित असलेला वेग अशा वळणात घातक ठरू शकतो. धावपट्टी हुकते आहे असे वाटून वळण आवळणारा नवशिका नेमका या सापळ्यात सापडतो.

वेगवान जेट विमानांची अडचण आणखी वेगळी असते. त्यांचा आकार इतका निमुळता असतो, की इंजिनाची शक्ती कमी केली तरी वेग लवकर उतरत नाही. नाक खाली करून उंची कमी करू लागल्यास, उतारावरच्या सायकलीप्रमाणे वेग उलट वाढतो. म्हणून लढाऊ विमानाचा वैमानिक धावपट्टीवरून वेगाने पुढे येतो, मग विमान कलवून घट्ट वळण घेतो. या वळणात पंखांवर येणारा हवेचा अवरोधच वेग खाऊन टाकतो. एअरब्रेकची झडप हवेत उघडून वेग आणखी उतरवता येतो. ठरलेल्या मर्यादेच्या आत वेग आला की चाके बाहेर काढायची, फ्लॅप खाली करायचे आणि अखेरच्या टप्प्यात वेगाच्या काट्यावरून नजर हटू द्यायची नाही, असा हा क्रम आहे.

घरगुती संगणकावरील लढाऊ उड्डाणाच्या खेळात नवख्या खेळाडूची पहिली फजिती याच ठिकाणी होते. शत्रूचे विमान पाडणे जमते, पण परतल्यावर धावपट्टी वेगाने मागे निघून जाते. खेळात बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते. प्रशिक्षणार्थी वैमानिकाला ती सोय नसते. त्याच्या चुका पोटात घालणारे विमान तयार करावे लागते आणि हे काम रचनाकाराच्या टेबलावर सुरू होते.

गडहिंग्लज ते गटिंगेन

डॉ. घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी गडहिंग्लजजवळील हसूरचंपू या लहानशा गावी झाला. राईट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. भारतात विमानशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण देणारी संस्था नव्हती आणि या विषयात पुढे जाऊ इच्छिणाऱ्याला परदेशाची वाट धरणे भाग होते.

घाटगे यांनी जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाची निवड केली. तेथे लुडविग प्रान्टल हे अध्यापन आणि संशोधन करत होते. आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक म्हणून प्रान्टल यांना जगभर मान होता. प्रान्टल यांच्याच मार्गदर्शनाखाली घाटगे यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्या काळी या विषयात यापेक्षा मोठा गुरू मिळणे कठीण होते.

प्रान्टल यांचा सर्वांत महत्त्वाचा सिद्धान्त १९०४ सालचा आहे. कोणत्याही पृष्ठभागावरून वाहणाऱ्या हवेचा अगदी लगतचा थर घर्षणामुळे मंदावतो. हा पातळ थर म्हणजे 'सीमास्तर'. पंखाचा कोन वाढत गेला, की या मंदावलेल्या थराला पुढे सरकण्याची ताकद उरत नाही आणि तो पृष्ठभागापासून अलग होतो. स्टॉल होतो तो यामुळेच. विमान संथ उडताना का कोसळते, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर ज्या ठिकाणी सापडले होते, त्याच ठिकाणी घाटगे यांचे शिक्षण झाले.

गटिंगेनहून घाटगे भारतात परतले तेव्हा त्यांच्या ज्ञानाचा थेट उपयोग होईल असा एकही विमान कारखाना देशात नव्हता. ही परिस्थिती बदलली ती एका मराठी भाषक क्षेत्रातून आलेल्या उद्योजकामुळे.

वालचंद हिराचंद आणि बंगळुरूचा कारखाना

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी अमेरिकन व्यावसायिक विल्यम पॉली यांच्या साह्याने भारतात विमाननिर्मितीचा घाट घातला. म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवल देऊ केले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरू येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीची स्थापना झाली. दुसरे महायुद्ध सुरू होते आणि ब्रिटिश सरकारला पूर्वेकडे विमानांची निकड भासत होती.

याच सुमारास घाटगे या कंपनीत दाखल झाले. कारखान्यातील सुरुवातीचे काम मुख्यतः जुळणीचे होते. अमेरिकेतून आलेले सुटे भाग जोडून १९४१ मध्ये हार्लो प्रशिक्षण विमान तयार झाले. पाठोपाठ कर्टिस हॉक लढाऊ विमानांचे काम हाती घेण्यात आले. या विमानांचे आराखडे परदेशातून आले होते.

कंपनीचा पहिला स्वतःचा आराखडा होता जी-१ या ग्लायडरचा. १९४१ मध्ये बांधलेले हे दहा आसनी ग्लायडर घाटगे यांच्या देखरेखीखाली साकारले. असे एकच ग्लायडर बांधण्यात आले. ग्लायडरला इंजिन नसते. त्यामुळे उतरताना अंदाज चुकला तर शक्ती वाढवून पुन्हा वर जाण्याचा मार्ग वैमानिकाजवळ नसतो. उंची आणि वेग यांचा हिशेब पहिल्याच प्रयत्नात बरोबर यावा लागतो. संथ वेगात विमान आज्ञेत राहील अशी रचना करण्याचा हा त्यांचा पहिला प्रत्यक्ष अनुभव होता.

युद्धाची झळ वाढत गेली तशी कंपनीची सूत्रे बदलली. १९४२ मध्ये सरकारने व्यवस्थापन हाती घेतले आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाकडे सोपवण्यात आला. तेथे नवीन विमाने घडवण्याऐवजी दुरुस्तीचे काम होऊ लागले. रचनाकाराला करण्यासारखे त्यात फारसे काही उरले नव्हते.

वर्गात घडलेले अभियंते

त्याच वर्षी, १९४२ मध्ये, बंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकी विभाग सुरू झाला. घाटगे यांच्याकडे या विभागाच्या उभारणीची जबाबदारी आली. भारतातील विमान अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणाची ही सुरुवात होती.

विमान कारखाना उभा राहिला तरी त्याला लागणारे अभियंते परदेशातून आणावे लागत असतील, तर तो कारखाना कायम परावलंबी राहणार, हे त्या काळच्या धुरिणांना कळून चुकले होते. वायुगतिशास्त्र, विमानाची संरचना आणि वातबोगद्यातील चाचण्या या विषयांत भारतीय तरुण तयार करणे ही पहिली गरज होती. वातबोगद्यात विमानाची लहान प्रतिकृती स्थिर ठेवून तिच्यावरून हवा सोडली जाते आणि कोणत्या कोनात उचल किती मिळते, ती केव्हा तुटते, हे मोजले जाते. प्रत्यक्ष उड्डाणात वैमानिकाचा जीव धोक्यात घालण्यापूर्वी विमानाचे बरेवाईट गुण या ठिकाणी कळू शकतात.

प्रान्टल यांचेच दुसरे विद्यार्थी ऑस्कर टीटयेन्स यांनीही पुढे या विभागाचे नेतृत्व केले. गटिंगेनची परंपरा अशा रीतीने बंगळुरूत रुजली. विभागातून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी नंतरच्या दशकांत देशातील विमान आणि अवकाश संशोधनाच्या संस्थांमध्ये काम केले.

एचटी-२ चा जन्म

देश स्वतंत्र झाल्यानंतर हिंदुस्थान एअरक्राफ्टपुढे स्वतःचे विमान घडवण्याचा प्रश्न आला. कंपनीत परतलेल्या घाटगे यांनी रचना विभागाची धुरा सांभाळली. हवाई दलात तेव्हा प्राथमिक प्रशिक्षणासाठी मुख्यतः टायगर मॉथ वापरले जात असे. लाकूड, धातूच्या नळ्या आणि कापड यांचे हे दोन जोडपंखी विमान युद्धपूर्व काळातील होते. हवाई दल झपाट्याने वाढवायचे तर नवे प्रशिक्षण विमान आवश्यक होते.

नव्या देशाने पहिले विमान म्हणून प्रशिक्षण विमान निवडण्यामागे व्यवहार होता. त्याचे इंजिन लहान असते, वेग मर्यादित असतो आणि कारखान्याच्या आवाक्यात बसेल असा त्याचा आकार असतो. मात्र असे विमान सोपे असते हा समज बरोबर नाही. लढाऊ विमान निष्णात वैमानिकाच्या हाती जाते. प्रशिक्षण विमानाचा चालक दिवसातून अनेकदा चुकणारच, हे गृहीत धरून त्याचा आराखडा करावा लागतो.

शिवाय ते फारच सोपे असूनही चालत नाही. स्टॉल जवळ येताना विमानाने थरथरून इशारा दिला पाहिजे, पण स्टॉल होणारच नाही असे विमान विद्यार्थ्याला काही शिकवत नाही. गिरकीत जाणे आणि तिच्यातून बाहेर पडणे हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. विद्यार्थ्याने सांगितलेले उपाय केले की गिरकी थांबली पाहिजे, हा भरवसा रचनाकाराने द्यायचा असतो.

एचटी-२ संपूर्ण धातूचे, खालच्या बाजूस पंख असलेले विमान होते. विद्यार्थी आणि प्रशिक्षक यांची आसने एकामागे एक होती. पंखांचा विस्तार सुमारे १०.७ मीटर, लांबी साडेसात मीटर आणि भारासह वजन सुमारे एक टन होते. पहिल्या नमुन्यात जिप्सी मेजर इंजिन बसवले होते. दुसरा नमुना फेब्रुवारी १९५२ मध्ये उडाला. त्यात १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर इंजिन होते आणि पुढील उत्पादनासाठी तेच कायम झाले. कमाल वेग ताशी २०० किलोमीटरच्या किंचित वर होता.

या विमानाची मुख्य चाके पंखांखाली आणि तिसरे लहान चाक शेपटीखाली होते. अशा विमानात उतरताना विद्यार्थ्याची खरी परीक्षा होते. धावपट्टीपासून काही फुटांवर असताना नाक हळूहळू वर घ्यायचे, वेग मरू द्यायचा आणि तिन्ही चाके एकाच वेळी जमिनीला टेकवायची. नाक लवकर वर घेतले तर विमान उंचावरून आदळते. उशीर झाला तर चाके आपटून ते चेंडूसारखे उसळते. जमिनीवर टेकल्यानंतरही पायांखालच्या रडरच्या पट्ट्यांवर लक्ष राहिले नाही, तर विमान स्वतःभोवती फिरण्याची भीती असते. या विमानावर शिकलेल्या विद्यार्थ्याला वेगाशी तडजोड करून भागत नसे.

एकूण सुमारे १७० एचटी-२ विमाने बांधण्यात आली. १९५०च्या दशकापासून हवाई दलातील वैमानिकांच्या अनेक पिढ्यांनी आपले पहिले एकट्याचे उड्डाण या विमानात केले. बिदर येथील प्राथमिक उड्डाण शाळेशी या विमानाचे नाव दीर्घकाळ जोडलेले राहिले. फ्लाइंग क्लबमध्येही ते वापरले गेले. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या घाना देशाच्या हवाई दलाला भारताने बारा एचटी-२ विमाने दिली. एका नवस्वतंत्र देशाचे विमान दुसऱ्या नवस्वतंत्र देशाच्या वैमानिकांना शिकवू लागले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

पुष्पक आणि कृषक

एचटी-२ नंतर घाटगे यांच्या नेतृत्वाखालील रचना विभागाने दोन हलकी विमाने तयार केली. पुष्पक हे वरच्या बाजूस पंख असलेले दोन आसनी विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी पहिल्यांदा उडाले. नागरी फ्लाइंग क्लबमध्ये हौशी तसेच व्यावसायिक वैमानिक घडवण्यासाठी ते वापरले गेले. देशातील अनेक नागरी वैमानिकांच्या उड्डाणवहीतील पहिली नोंद पुष्पकची आहे.

पुष्पकच्या अनुभवातून १९५९ मध्ये कृषक हे विमान आले. तोफखान्यासाठी आकाशातून टेहळणी करण्याचे काम त्याच्याकडे होते. आघाडीजवळच्या ओबडधोबड, आखूड धावपट्ट्यांवर उतरायचे आणि लक्ष्यावर घिरट्या घालताना संथ उडायचे, हे त्याचे नित्यकर्म होते. येथेही कमी वेगात विमान ताब्यात राहणे हीच मुख्य कसोटी होती.

जेट युग आणि परदेशी रचनाकार

१९५०च्या दशकाच्या मध्यास हवाई दलाला स्वनातीत वेगाकडे झेपावणारे लढाऊ विमान हवे होते. असे विमान आखण्याचा अनुभव देशात कोणाजवळ नव्हता. सरकारने दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध फॉक-वुल्फ विमानांचे जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांना पाचारण केले आणि १९५६ मध्ये ते बंगळुरूला आले. त्यांच्या चमूने भारतीय अभियंत्यांसह आखलेले एचएफ-२४ मरुत १७ जून १९६१ रोजी उडाले. सुरंजन दास हे त्याचे चाचणी वैमानिक होते.

याच काळात ब्रिटनच्या नॅट या चिमुकल्या लढाऊ विमानाचे परवान्याने उत्पादन बंगळुरूत सुरू झाले. वेग आवरण्याच्या बाबतीत नॅटची एक खासियत होती. वजन वाचवण्यासाठी त्याला स्वतंत्र एअरब्रेक दिलेले नव्हते. चाके अर्धवट बाहेर काढली की चाकांच्या झडपाच एअरब्रेकचे काम करीत. एका यंत्रणेकडून दोन कामे करून घेण्याची ही युक्ती रचनाकारांच्या चर्चेत आजही येते.

जेट विमानांनी प्रशिक्षणाचा प्रश्न मात्र अधिक बिकट केला. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने उतरायला शिकलेल्या तरुणाला एकदम दुप्पट, अडीचपट वेगाने धावपट्टीवर यावे लागणार होते. त्या काळच्या जेट इंजिनाला शक्ती वाढवण्यास काही सेकंद लागत. वेग फार कमी झाल्याचे उशिरा लक्षात आले, तर थ्रॉटल पुढे ढकलूनही वेळेत मदत मिळत नसे. मधली पायरी असणारे जेट प्रशिक्षण विमान गरजेचे होते. हवाई दलाकडील व्हॅम्पायर प्रशिक्षण विमाने जुनी होत चालली होती.

किरण: मधली पायरी

ही जबाबदारी घाटगे यांच्याकडे आली. एचजेटी-१६ किरण या विमानाच्या तपशीलवार आराखड्याला त्यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये सुरुवात झाली. ४ सप्टेंबर १९६४ रोजी सुरंजन दास यांनी किरणचे पहिले उड्डाण केले. त्यानंतर काही आठवड्यांतच, १ ऑक्टोबर १९६४ रोजी, हिंदुस्थान एअरक्राफ्टचे रूपांतर हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडमध्ये झाले.

किरणमध्ये विद्यार्थी आणि प्रशिक्षक शेजारी शेजारी बसतात. एचटी-२ मधील मागेपुढे असलेल्या आसनांपेक्षा ही व्यवस्था वेगळी आहे. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाला विद्यार्थ्याचा हात थ्रॉटलवर कसा आहे, त्याची नजर कोणत्या काट्यावर आहे, तो गोंधळला आहे का, हे लगेच दिसते. उतरण्याच्या धड्यात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. वातानुकूलित आणि दाबनियंत्रित कक्ष तसेच संकटकाळी बाहेर फेकणारी आसने यांमुळे ते आपल्या काळातील आधुनिक विमान ठरले.

१९६८ पासून किरण हवाई दलाला मिळू लागले. हैदराबादजवळील दुंडिगल येथील हवाई दल अकादमीत शिकलेल्या वैमानिकांचे जेट उड्डाणाचे पहिले धडे या विमानावर झाले. त्याची सुधारित आवृत्ती १९७६ मध्ये उडाली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या सूर्यकिरण या हवाई कसरती पथकाने हीच आवृत्ती वापरली आणि २०११ पर्यंत देशविदेशातील प्रेक्षकांना तिचे कौशल्य दाखवले. पाच दशकांहून अधिक काळ सेवा देणारे विमान घडवणे कोणत्याही रचनाकाराला अभिमानास्पद आहे.

एचटी-२, मरुत आणि किरण यांच्या चाचण्यांमध्ये वैमानिकांनी पत्करलेला धोका खरा होता. ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा १० जानेवारी १९७० रोजी मरुतच्या सुधारित नमुन्याच्या उड्डाणात बंगळुरू येथे मृत्यू झाला. बंगळुरूतील ज्या रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले, त्याच परिसरात हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे घाटगे यांच्या नावाचे सभागृह आहे.

राहून गेलेली पायरी

किरणच्या पुढे एक पायरी रिकामी राहिली. किरणवर शिकलेल्या तरुणाला पुढे मिग-२१ सारख्या विमानाकडे जावे लागे. मिग-२१ चे पंख लहान आणि त्रिकोणी होते. ते ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीकडे येई. वेग आवरण्यासाठी जमिनीवर टेकताच शेपटीकडील छत्री उघडावी लागे. दोन विमानांमधील ही दरी नवख्या वैमानिकांना महागात पडते आहे, अशी चिंता वारंवार व्यक्त झाली.

१९८२ मध्ये ला फाँटेन समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमान घेण्याची शिफारस केली. त्यानंतर ब्रिटिश हॉक विमानांचा करार होण्यास २००४ साल उजाडले आणि २००८ मध्ये ती हवाई दलात दाखल झाली. मधल्या पाव शतकात अनेक तरुण वैमानिकांनी मिग-२१ च्या अपघातांत प्राण गमावले. प्रत्येक अपघाताचे कारण प्रशिक्षण हेच नव्हते, पण प्रशिक्षण विमानाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत काय असते, हे या अनुभवाने दाखवून दिले. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले.

प्राथमिक प्रशिक्षणाच्या पायरीवरही अडथळे आले. एचटी-२ ची जागा १९८०च्या दशकात एचपीटी-३२ दीपक या विमानाने घेतली. अपघातांनंतर २००९ मध्ये दीपकची उड्डाणे थांबवण्यात आली आणि हवाई दलाला स्वित्झर्लंडची पिलाटस विमाने घ्यावी लागली. एचटी-२ पासून सुरू झालेली स्वदेशी परंपरा खंडित झाली. एचटीटी-४० या नव्या स्वदेशी विमानाने ३१ मे २०१६ रोजी बंगळुरू येथे पहिले उड्डाण केले. स्टॉल आणि गिरकीच्या चाचण्या पार पडल्यानंतर २०२३ मध्ये अशा ७० विमानांचा करार झाला. त्याच्या उत्पादनाची एक शाखा नाशिक येथेही सुरू करण्यात आली आहे.

सिम्युलेटर आले, प्रश्न तोच

प्रत्यक्ष विमानाआधी जमिनीवर सराव करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास तयार केलेली निळी पेटी भात्यांच्या साह्याने हलत असे आणि केवळ उपकरणे पाहून उडण्याचा सराव देई. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक तिच्यावर शिकले. तिच्यात धावपट्टी दिसत नसे. त्यामुळे डोळ्यांनी अंदाज घेत उतरण्याचा धडा विमानातच घ्यावा लागे.

संगणकाने ही मर्यादा दूर केली. बंगळुरूतील वैमानिकी विकास आस्थापना या संरक्षण संशोधन संस्थेने उड्डाण सिम्युलेटरच्या क्षेत्रात महत्त्वाचे काम केले. तेजसचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले. त्याआधी चाचणी वैमानिकांनी सिम्युलेटरवर दीर्घ सराव केला होता. तेजसला मागील बाजूस आडवी शेपूट नाही आणि त्याचा पंख त्रिकोणी आहे. उतरताना त्याचे नाक बरेच वर राहते. असे विमान धावपट्टीजवळ कसे वागेल, याचा अंदाज वैमानिकांना आणि अभियंत्यांना जमिनीवरच घेता आला.

तेजसच्या नौदल आवृत्तीने ११ जानेवारी २०२० रोजी आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू नौकेवर उतरण्याचा टप्पा गाठला. त्या वेळी कमोडोर जयदीप मावळणकर हे विमान चालवत होते. नौकेवर शंभर मीटरच्या आत विमान थांबवावे लागते आणि त्यासाठी शेपटीकडील आकडा डेकवरील तारेत अडकवला जातो. त्याआधी विमानाचा वेग नेमका हवा तितका उतरलेला असावा लागतो. पंखाच्या मुळाशी बसवलेल्या खास झडपा हा वेग कमी ठेवण्यास मदत करतात. यंत्रे बदलली, पण संथ वेगात हवेचा प्रवाह पंखावर टिकवून धरण्याचा प्रश्न प्रान्टल आणि घाटगे यांच्या काळातला तोच राहिला.

सिम्युलेटरमुळे प्रशिक्षण सुरक्षित आणि कमी खर्चाचे झाले. वेग उतरवण्याचा क्रम हाताला वळण लागेपर्यंत शंभर वेळा गिरवता येतो. तरीही वळणात शरीरावर येणारा भार, स्टॉलपूर्वीची थरथर आणि चूक झाली तर परत फिरता येणार नाही ही जाणीव विमानातच मिळते. म्हणून प्राथमिक प्रशिक्षण विमानाची गरज अद्याप संपलेली नाही.

सन्मान आणि वारसा

भारत सरकारने १९६५ मध्ये डॉ. घाटगे यांना पद्मश्री किताबाने गौरवले. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडियातर्फे त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

विमान कारखाना, शिक्षणसंस्थेतील विभाग आणि प्रत्यक्ष विमाने या तिन्ही आघाड्यांवर प्रारंभापासून काम केलेल्या मोजक्या भारतीयांपैकी ते एक होते. त्यांनी आखलेल्या विमानांनी कोणतेही युद्ध जिंकल्याची नोंद नाही. मात्र १९५० च्या दशकापासून युद्धांत उतरलेल्या भारतीय वैमानिकांपैकी कितीतरी जणांनी विमान सुखरूप उतरवण्याचा पहिला धडा एचटी-२ मध्ये, आणि पुढील पिढ्यांनी किरणमध्ये घेतला. प्रशिक्षण विमानाला दुय्यम लेखले की दरी निर्माण होते आणि ती भरून काढण्यास दशके लागतात, हा भारतीय हवाई दलाचा अनुभव आहे. डॉ. घाटगे यांनी आपली विद्या सर्वप्रथम नवशिक्यांच्या विमानासाठी वापरली, या निर्णयाचे मोल त्यामुळे अधिकच जाणवते.